मोहाच्या झाडापासून मोरीपर्यंत

पौषात आमच्या शिरपुरात कोणी लग्न करत नाही. त्यामुळं बायपासवरचं मंगल कार्यालय महिनाभर रिकामं आणि त्याच्या मालकाचं तोंड कडू. त्या पौषात मात्र तिथं वऱ्हाड उतरलं. सायकलवाल्यांचं. पुण्याच्या एका कंपनीची टीम होती ती, आणि पोरं पगारी. म्हणजे सायकल चालवायचा महिन्याला पगार घेणारी. हे घरी सांगितलं तेव्हा बायको जरीनानं विचारलं, एवढी चालवून जायचं कुठं असतं त्यांना? म्हटलं, कुठंच नाही, निघाले तिथंच परत. ती म्हणाली, मग तुम्हाला तिथं काम नक्की मिळणार.

मिळालंच. माझी पिकप गाडी टीमच्या मागं चालवायची. मागं जादा चाकं, पाण्याच्या बाटल्या, केळी, आणि कोणी पडलाच तर तो. फेब्रुवारीपासून त्यांच्या शर्यती लागतात, त्याआधी महिनाभर एका जागी राहून पायात दम भरायचा. याला ते कॅम्प म्हणतात. शिरपूर का, तर हवा थंड, धुळ्याकडं सरळ हायवे आणि वर सातपुड्याचा घाट. बाहेरगावची माणसं आमच्या गावाची एवढी तारीफ करतात म्हटल्यावर मला आधी संशयच आला होता.

पोरं वरपक्षाच्या खोल्यांत झोपायची, सायकली वधूपक्षाच्या खोलीत टांगलेल्या. त्यातली एकेक सायकल माझ्या पिकपच्या किमतीची, म्हणून मेकॅनिक त्या खोलीला कुलूप लावायचा. नवरीलासुद्धा कोणी एवढं जपत नाही. कोच होत्या सोनल मॅडम, सांगलीच्या. स्वतः देशाकडून सायकल चालवलेली बाई, बारीक अंगाची, आवाज मात्र दोन शेतं पलीकडं जाईल असा. त्यांचं टेबल होतं आहेराच्या जागी. डोक्यावर पाटी, ‘कृपया आहेर आणू नये.’ ती पाटी मी काढू दिली नाही.

आता माझा स्वभाव सगळ्या बसस्टँडला माहीत आहे. पन्नाशी आली तरी हात शिवशिवतात. पहिल्याच दिवशी पहाटे मी कार्यालयाचा माइक चालू केला आणि लग्नातल्या आवाजात पुकारलं, वराकडील मंडळींनी नाश्त्याला यावं, मुहूर्त टळत आहे. पोरं चड्डीवर बाहेर पळत आली. मला वाटलं मॅडम आता हाकलतात. त्यांनी शांतपणे घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, रोज याच वेळेला पुकारा, सगळे एकदम उठले. झालं. खोडीची ड्युटी झाली की तिच्यातली सगळी मजा जाते.

दुसरी खोडी त्याच्याहून वाया गेली. एका पोराला ठेचा दिला, म्हटलं टीमचा खास जॅम आहे, दम वाढतो. त्यानं ब्रेडला लावून खाल्ला आणि आणखी मागितला. पोराचं नाव आतिफ. राहणार जळगाव, बाप तिथं फर्निचरला पॉलिश मारतो. जळगावच्या माणसाला ठेच्यानं फसवायला गेलो मी. तो जाता जाता म्हणाला, “चाचा, मीठ कमी आहे जॅममध्ये.”

हा आतिफ अजून टीममध्ये नव्हता. बाकीच्यांची नावं पक्की होती, एक जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी दोन पोरांना कॅम्पात आजमावायला बोलावलं होतं. एक आतिफ. दुसरा आमच्याच तालुक्यातला, वर डोंगरातल्या उमरपाणीचा, धर्मेंद्र पावरा. कुवरसिंग पावराचा पोरगा. पावसावरची थोडी जमीन, बाकी मजुरी, मोहाची फुलं आणि चारोळी. कॉलेजला हा सायकलवर घाट उतरून शिरपूरला यायचा आणि संध्याकाळी तोच घाट चढून घरी. एस.टी. चुकली की यायचा असं नाही, रोजच. त्या पायांना मग धुळ्याच्या एका शर्यतीत कोणी गाठू शकलं नाही आणि मॅडमनी त्याला उचलला.

धर्मेंद्रला ही जागा मिळाली तर सायकल, पगार, देशभर शर्यती. नाही मिळाली तर सुरत. तिथं चुलतभावानं कापडाच्या मिलमध्ये मुकादमाला शब्द देऊन ठेवला होता, कॅम्प संपला की गाडीत बसायचं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही चाकात हवा भरता भरता. बोलायला एकदम कमी. आतिफ आणि तो एकाच खोलीत राहायचे आणि आतिफ दोघांचं मिळून बोलायचा.

एक दिवस आम्ही शिंदखेड्याच्या बाजूला गेलो होतो. दोन पोरं पुढं पळालेली, बाकीचा घोळका मागं, आणि मध्येच रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी एवढी लांब की तिचा शेवट अजून भुसावळातच असावा. पुढची दोघं फाटकाला अडकली आणि मागचे आरामात येऊन मिळाले. मी मॅडमला म्हटलं, हे बरंय, मेहनत त्यांची आणि फायदा यांचा. मॅडमनी समजावलं की शर्यतीत असं चालत नाही. फाटक पडलं की घड्याळ थांबवतात. जो जेवढा पुढं होता तेवढं अंतर त्याला परत देऊन मग सोडतात. मी ते डोक्यात ठेवून दिलं. माझ्या डोक्यात चांगल्या गोष्टी राहत नाहीत, अशा राहतात.

मग घाटाची परीक्षा आली. खाली नाल्याच्या पुलावरून एकेकाला सोडायचं, वर चहाच्या टपरीपाशी मॅडम घड्याळ घेऊन उभ्या. तीनदा चढायचं, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही पाहून मॅडम नाव ठरवणार. पहिल्या दिवशी सगळ्यांची पैज धर्मेंद्रवर. त्याच्या दारातला घाट. आणि वेळ आतिफचा कमी लागला, चांगल्या फरकानं.

संध्याकाळी मॅडमनी कॉम्प्युटरवर त्याची रेघ काढली. त्या सायकलींना एक यंत्र असतं, पाय किती जोर लावतात ते क्षणाक्षणाला लिहून ठेवतं. धर्मेंद्रची रेघ सगळ्यांच्या वरून चाललेली, आणि टपरीच्या थोडं आधी एकदम खाली. शून्य. थोडा वेळ शून्य, मग पुन्हा वर. मॅडमनी विचारलं, इथं काय झालं? तो म्हणाला, दम लागला. मॅडम म्हणाल्या, दम लागला की रेघ उतरते, अशी तुटत नाही. तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या की पोराच्या पायात आहे, पण ऐनवेळी डोकं सोडतो. अशा माणसाला घेऊन उपयोग नसतो.

दुसऱ्या वेळेला मी मुद्दाम त्याच्या मागं गाडी लावली. पाणी वर न्यायचं निमित्त. काय चढत होता. मला पिकप दुसऱ्या गिअरवर टाकावी लागली. शेवटच्या वळणाच्या पुढं रस्त्याला एक मोठं मोहाचं झाड आहे. त्याच्यापाशी आला, आणि भाऊ खाली उतरला. सायकल हातात धरली आणि चालायला लागला. त्या सायकलवाल्यांच्या बुटाला खाली पट्टी असते, डांबरावर टकटक वाजते, धड चालता येत नाही. तसाच तो टकटक करत एका शेंदूर लावलेल्या दगडापुढून गेला, पुढं रस्त्याखालच्या मोरीपर्यंत गेला, आणि मग पुन्हा टांग टाकली. चढावर ती टांग टाकणंही सोपं नाही. बूट पायडलात अडकेपर्यंत सायकल मागं येते.

परत येताना मी त्याला गाडीत घेतलं आणि विचारलं, हे काय आहे? आधी बोलेना. मग म्हटलं, तुझ्या मामालाच विचारतो, तेव्हा बोलला. तो दगड त्यांच्या गावाचा देव. झाडापासून मोरीपर्यंत उमरपाणीचा माणूस बसून जात नाही. त्याचे आबा बैलगाडीतून उतरायचे. फटफटीवाले ढकलत नेतात.

“आणि एस.टी.त बसलेला?”

“उभा राहतो. बायका पण उभ्या राहतात. मोरी आली की बसतात.”

मी म्हटलं, बाबा, एकदा बसून गेलास म्हणून देव काय करणार आहे तुझं?

“देव काही करत नाही, चाचा. मला नाही जमणार, एवढंच.”

मग मॅडमला सांग म्हटलं. तर नाही. म्हणाला, कॉलेजात एका सरांना सांगितलं होतं, त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडून नाटक करून दाखवलं. आणि मॅडम हसल्या नाहीत तरी बाकीचे म्हणतील, दगड दाखवून जागा घेतली. मला शप्पथ घालायला लागला. कुराणाची घालू का विचारलं, तेव्हा मी म्हटलं, एवढं मोठं नको, गाडीची घाल. पिकपच्या स्टिअरिंगवर हात ठेवून मी शप्पथ घेतली की मॅडमला एक शब्द सांगणार नाही.

आता माझी पंचाईत बघा. ज्या माणसाच्या पोटात चहासुद्धा टिकत नाही, त्यानं ही गोष्ट धरून बसायची. दोन दिवस मला अन्न गोड लागेना. जरीनाला वाटलं, शुगर वाढली. तिकडं मॅडमनी कंपनीला फोनवर आतिफचं नाव जवळजवळ सांगून टाकलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. आतिफ वाईट पोरगा नाही, माझा त्याच्यावर राग नव्हता. पण जो मागं आहे तो दम कमी पडून मागं असला तर ठीक. हा तर उतरून मागं राहत होता.

तेव्हा मला फाटक आठवलं.

घाटात रेल्वे नाही, पण सुकलाल आहे. सुकलाल म्हणजे धर्मेंद्रचा मामा, त्या झाडाच्या आसपास बकऱ्या चारतो. मी त्याला जाऊन भेटलो, विडी पाजली आणि योजना सांगितली. तिसऱ्या परीक्षेला एकेक सायकलवाला झाडापाशी आला की बकऱ्या रस्त्यावर घालायच्या. सगळ्यांना तेवढंच थांबावं लागेल. सगळ्यांचं घड्याळ तिथं अडलं की मॅडम फाटकाचा नियम लावतील, तेवढा तुकडा सगळ्यांचाच वजा करतील, आणि धर्मेंद्रचं नुकसान न बोलता भरून निघेल. कोणाचं काही गेलं नाही, शप्पथही शाबूत. सुकलालनं ऐकून घेतलं आणि विचारलं, भाऊ, हे तुम्हाला रात्री सुचलं का दारू पिऊन? मी पीत नाही म्हटल्यावर त्याला जास्तच काळजी वाटली. पण भाच्याचं काम होतं, तयार झाला.

परीक्षेच्या दिवशी मॅडम वर टपरीपाशी, मी त्यांच्याजवळ बाटल्या घेऊन. पहिला पोरगा आला, घाम पुसत म्हणाला, मध्ये बकऱ्या होत्या. दुसरा आला, बकऱ्या. तिसरा आला, त्यानं बकऱ्यांना आणि बकऱ्यावाल्याला पुणेरी शिव्या दिल्या. मी आत खूश. मी मॅडमला सहज म्हटलं, बिचाऱ्यांचं घड्याळ अडलं, फाटकासारखंच झालं नाही का? मॅडमनी फक्त पुढच्याची वेळ टिपली. आतिफ आला, धर्मेंद्र आला, सगळे आले. सगळ्यांच्या तोंडी बकऱ्या.

पण आतिफनं पाणी पिता पिता बोलून घोळ केला. म्हणाला, सगळ्यात मागं एक लंगडी बकरी होती, काळी, तिनं तर एक पाय टाकायला वर्ष लावलं. तिसरा पोरगा म्हणाला, माझ्या वेळेलाही काळी लंगडीच होती, उजवीकडून डावीकडं गेली. आतिफ म्हणाला, माझ्या वेळी डावीकडून उजवीकडं. मॅडमनी मान हळूच माझ्याकडं वळवली.

“जहांगीरभाई, सगळ्यांना एकच लंगडी बकरी कशी दिसली?”

मी म्हटलं, मॅडम, सातपुड्यातल्या बकऱ्या असतातच लंगड्या. चढावर चरून चरून एका बाजूचे पाय आखूड होतात. दोन पोरांनी खरं मानून माना हलवल्या. मॅडमनी नाही. तेवढ्यात खालून सुकलालच घामाघूम वर आला, मागं बकऱ्या जिभा काढून. त्याला काय माहीत इथं काय चाललंय. मला म्हणाला, “जहांगीरभाऊ, मन्ह्या बकऱ्या थकी गयात. आते अजून कितला पोऱ्या बाकी शेतस?”

पोरं हसून रस्त्यावर लोळली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात झाडलं. मोठ्यानं ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाल्या की ही पोरं वर्षभर घासतात, यांच्या परीक्षेत तुम्ही तमाशा केलात, आणि कशासाठी ते आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर गाडी घेऊन घरी जा. मी म्हटलं, मॅडम, बोलायचं नाही म्हणून गाडीची शप्पथ घेतलीय. पण गाडी चालवायची नाही असं काही ठरलेलं नाही. बसा.

कशाबशा बसल्या. मी मोरीच्या अलीकडं गाडी सावलीत लावली आणि गप्प राहिलो. माझ्यासारख्या माणसाला गप्प बघून त्याही गप्प झाल्या. दगडाजवळ गुंताबाई, धर्मेंद्रची आई, बोरांची टोपली घेऊन बसली होती. ती तिथं खाली जमिनीवर बसते, त्याला हरकत नाही, वाहनात बसायचं नाही एवढंच. आधी एक फटफटी आली, वर दोघं जण. झाडापाशी उतरले, ढकलत मोरीपर्यंत आले, बसून निघून गेले. मॅडमला वाटलं पेट्रोल संपलं. मग दुपारची एस.टी. चढत आली. झाडापाशी आली आणि खिडक्यांतली डोकी एकदम वर गेली. बाया, म्हातारे, पोरं काखेत घेतलेल्या आया, सगळे उभे. ड्रायव्हर बाहेरगावचा होता, तो आपला गाडी चालवत होता. मोरी आली तशी डोकी परत खाली.

मॅडमनी आधी झाडाकडं पाहिलं, नंतर मोरीकडं. मग म्हणाल्या, रेघ इथंच तुटते.

मी म्हटलं, मी काही बोललो नाही.

धर्मेंद्रला तिथंच बोलावून घेतलं. तो आला, आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि समजला. मी दोन्ही हात वर केले, जीभ बाहेर काढून दाखवली, की ही वापरली नाही. मॅडमनी त्याला पहिल्यांदा हे विचारलं की मला का नाही सांगितलं. त्यावर त्यानं दगडाचं सांगितलं, कॉलेजच्या सरांचंही सांगितलं. मॅडमचा चेहरा थोडा बदलला. पण पुढचं त्यांनी कोच म्हणूनच विचारलं.

“शर्यतीत उतरशील?”

“शर्यतीत हा दगड कुठं आहे, मॅडम?”

“समज, याच रस्त्यानं शर्यत ठेवली.”

मी मागून त्याला खुणा करत होतो, नाही म्हण, नाही म्हण. एवढी सोपी परीक्षा बारावीतही नसते. त्यानं आईच्या टोपलीकडं पाहत थोडा विचार केला.

“तर उतरेन.”

झालं, म्हटलं, सुरत. मी किल्ली फिरवायला गाडीकडं निघालो. मॅडम मात्र रस्ता बघत होत्या. झाडापासून मोरीपर्यंत एकदा चालत गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, फाटक सगळ्यांना असतं, दगड तुझ्या एकट्याला आहे. म्हणून घड्याळ मी थांबवणार नाही. आजची परीक्षा रद्द. उद्या पुन्हा, फक्त तू आणि आतिफ, एकदमच सुटायचं. आणि एवढं बोलून त्या त्याच्या जवळ गेल्या.

“झाडाच्या आधी एवढा पुढं जा, की उतरलास तरी पुढंच राहशील. आत्तापर्यंत तू उतरायच्या भीतीनं पाय राखून चढत होतास. रेघेत दिसतं मला.”

मला वेगळी शिक्षा झाली. कॅम्प संपेपर्यंत रोजच्या सगळ्या बाटल्या धुवायच्या, ब्रशनं, आतून.

आतिफलाही मॅडमनी सगळं सांगितलं, लपवाछपवी नको म्हणून. तो रात्रीच्या जेवणाला धर्मेंद्रच्या ताटात बट्टी वाढत म्हणाला, तू उतर, पूजा कर, नारळ फोड, मी वर चहा सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर दोघं उभे राहिले. ह्या वेळी मॅडम माझ्या शेजारी गाडीत, घड्याळ मांडीवर. सुकलालला मी बकऱ्या गोठ्यातच ठेवायला सांगितलं होतं. लंगडीला तर बांधूनच ठेवलं होतं त्यानं, तिला आता सवय लागली होती.

सुटल्याबरोबर धर्मेंद्र पळाला. असा की आतिफनं एकदा वर बघितलं आणि हँडलवरच्या आकड्यांकडं बघत आपल्या चालीनंच चढत राहिला. हुशार पोरगा आहे. असा पळणारा घाटात नंतर फुटतो हे त्याला माहीत. मॅडमही पुटपुटल्या, फार लवकर, फार लवकर. पहिल्या वळणाला अंतर दिसत होतं. मधल्या उतारवजा पट्ट्यात आतिफनं थोडं कापलं. मग खरा चढ लागला आणि धर्मेंद्र पुन्हा लांब गेला, पण आता खांदे हलायला लागले होते. खांदे हलले की माणूस पायानं नाही, हट्टानं चढतो. एवढं मलाही ह्या दिवसांत कळायला लागलं होतं.

झाडाजवळ आलो तर उमरपाणीचे अर्धे लोक रस्त्याच्या कडेला उभे. कोणी सांगितलं कोण जाणे. मी फक्त दूधवाल्याला सांगितलं होतं. कुवरसिंग डोक्याला फडकं बांधून एका बाजूला उभा. आणि आवाज नाही. टाळी नाही, शिट्टी नाही. झाडापासून मोरीपर्यंत कोणी ओरडतही नाही, हे मला तेव्हा कळलं.

धर्मेंद्र उतरला. टकटक, टकटक. एवढ्या माणसांत तोच एक आवाज. आम्ही मागं गाडी हळू केली. मॅडम घड्याळाकडं बघायच्या सोडून पुढच्या काचेला चिकटल्या होत्या. मी आरशात पाहिलं, तर आतिफ वळण घेऊन वर आला. धर्मेंद्र दगडासमोर होता. धावला नाही. पाय धावायला उठत होते त्याचे, दिसत होतं, पण चाललाच. गुंताबाई उठून उभी राहिली होती, तिनंही पोराला काही म्हटलं नाही. आतिफ आमच्या गाडीच्या बाजूनं गेला, झाड ओलांडलं, त्या शांततेत त्याचा श्वास ऐकू आला. मोरीपाशी धर्मेंद्रनं टांग टाकली आणि पहिल्या फटक्यात बूट अडकला नाही. आतिफ बरोबरीला आला. दुसऱ्या फटक्यात अडकला. आतिफ एक चाक पुढं.

आणि मोरी ओलांडल्याबरोबर अख्खं गाव ओरडलं. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम. मीही हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मॅडमनी माझ्या हातावर चापट मारली, मी दुसरा हात ठेवला.

टपरीपर्यंतचा शेवटचा चढ सगळ्यात वाईट. आतिफ मानेच्या शिरा काढून चालवत होता. त्याच्यात काही कमी नव्हतं. पण धर्मेंद्र त्याच्या चाकामागं गेला, थोडा तिथंच राहिला, आणि टपरीचा पत्रा दिसला तसा बाजूनं निघाला. सायकलभर अंतरानं गेला. फार नाही. टपरीवाल्यानं त्यांच्याकडं बघता बघता दूध उतू घालवलं.

दोघं सायकली टाकून रस्त्यावरच पडले. आतिफ बोलायच्या लायकीचा झाला तेव्हा मॅडमकडं तक्रार घेऊन आला की हा मध्ये फिरायला उतरतो, पायांना आराम देऊन ताजा होऊन येतो, हे काही बरोबर नाही. मग धर्मेंद्रच्या पाठीत एक गुद्दा घातला.

“दगड नसता, तर तू मला दिसला पण नसतास.”

मॅडमनी तिथंच कंपनीला फोन लावला. धर्मेंद्र पावरा, स्पेलिंग नीट घ्या, म्हणाल्या. आतिफला त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी यायचं, आणि मधल्या काळात सांगलीला त्यांच्याकडं येऊन चालवायची. तो म्हणाला, सांगलीत ठेचा मिळतो का? धर्मेंद्रनं सुरतेला चुलतभावाला फोन केला, मुकादमाला नाही सांग म्हणून. फोन झाल्यावर तो माझ्याकडं आला. मला वाटलं आभार मानतो. तो म्हणाला, चाचा, दूधवाल्याला सांगायला नको होतं. मी म्हटलं, शप्पथ मॅडमची होती, दूधवाल्याची नव्हती.

बाटल्या मी शेवटपर्यंत धुतल्या.

पुढच्या पौषात कार्यालय पुन्हा त्यांनीच घेतलं. आतिफ ह्या वेळी पक्क्या नावात, आणि आजमावायला नवी तीन पोरं, पुण्या-मुंबईकडची, चष्मे लावलेली. पहिल्याच दिवशी मी त्यांना गंभीर तोंडानं सांगून ठेवलं की ह्या घाटात देवाचा दगड आहे, तिथं टीममधला कोणी बसून जात नाही, धर्मेंद्रला विचारा. त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. मग दगड ओळखायचा कसा, असं माझ्याकडं आले. मी म्हटलं, सोपं आहे. पिवळा-पांढरा रंग दिलेला असतो, वर आकडा असतो.

मी गाडी घेऊन मागंच होतो. पहिल्या किलोमीटरच्या दगडाला तिघं उतरले, टकटक करत गेले. दुसऱ्याला उतरले. तिसऱ्याला त्यातल्या एकानं हेल्मेट काढून नमस्कार केला. आतिफ सायकलवर हसून हसून वाकडा झाला, पडता पडता राहिला. मॅडम शेजारी बसल्या होत्या, त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मग म्हणाल्या, ब्रश आणलाय ना घरून?

चौथ्या दगडापाशी ती तीन पोरं थांबून धर्मेंद्रची वाट बघत राहिली. तो मागून आला, तसाच बसून त्यांच्यापुढून गेला. एकानं रडकुंडीला येऊन विचारलं, भैया, मग नक्की कुठला?

“पुढं या,” तो म्हणाला. “बस उभी राहते तिथं.”

बस उभी राहते म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. कळलं नाही, तरी मोहाचं झाड आलं, धर्मेंद्र उतरला, आतिफ त्याच्या मागं उतरला, तसे तेही उतरले. मीही पिकप झाडाखाली लावली आणि चालत गेलो. माझं काही नाही, बाटल्या द्यायच्या होत्या.